हसायचंय, पण खिसा सांभाळून

चार माणसांचं कुटुंब रविवारी विनोदी चित्रपट बघायचं ठरवतं, तेव्हा सोलापुरात खर्च शून्यापासून सुरू होतो आणि बेसावध राहिलात तर हजार-बाराशेच्या पुढे जातो. जास्त पैसे मोजले म्हणून अभिनय जास्त चांगला मिळेल, असं मात्र अजिबात नाही. मराठीतलं कसलेलं विनोदी काम बरंचसं फुकट किंवा चहाच्या पैशांत बघता येतं. महाग पडतं ते बुकिंगचं शुल्क, मध्यंतरातलं काउंटर आणि बंद करायची विसरलेली वर्गणी. म्हणून आधी फुकटचं संपवा, मग एखाद्या महिन्याची वर्गणी घ्या. थिएटरला जायचं ते नवा चित्रपट असेल तेव्हा आणि ठरवून.

फुकट बघायचं, पण नीट

पहिला पत्ता यूट्यूब. राजश्री मराठी, शेमारू मराठी, अल्ट्रा मराठी अशा कंपन्यांनी जुने मराठी चित्रपट स्वतःच्या चॅनेलवर पूर्ण ठेवले आहेत. कागदपत्रं नाहीत, नोंदणी नाही, खर्च फक्त डेटाचा आणि जाहिरातींच्या वैतागाचा. चॅनेलच्या नावाशेजारी पडताळणीची खूण आहे का आणि चित्रपट अखंड आहे का, एवढं बघा. एकच चित्रपट बारा तुकड्यांत असेल, किंवा पाट्यांवरची अक्षरं उलटी दिसत असतील, तर तो चोरून टाकलेला आहे. पकडलं जाऊ नये म्हणून चित्र आरशासारखं फिरवतात, कडा कापतात, आवाज थोडा चढवतात. नाटकी अभिनयाचं एक वेळ चालून जाईल, पण विनोदात सगळा खेळ वेळेचा आणि चेहऱ्याचा. कापलेल्या चित्रात कोपऱ्यात उभा असलेला माणूसच गायब होतो, आणि पुष्कळदा हसू त्याच्याच तोंडावर असतं.

डेटाचं गणित सोपं आहे. टीव्हीवर एचडी लावलंत तर तासाला साधारण दोन ते तीन जीबी जातात, फोनवर साध्या दर्जात अर्धा ते एक. तुमचं रिचार्ज रोज दीड जीबीचं असेल तर अडीच तासांचा चित्रपट एचडीत मध्येच थांबेल आणि तुम्ही घाईघाईत डेटाचं जादा व्हाउचर माराल. हा पहिला छुपा खर्च. चित्रपट सुरू करण्याआधी दर्जा ४८०वर आणा. १९८५ सालच्या प्रिंटला त्याहून जास्त लागतही नाही.

यूट्यूबच्या जाहिराती नको असतील तर प्रीमियम महिन्याला १४९ रुपये, विद्यार्थ्यांना ८९. दोन जुन्या चित्रपटांसाठी घेऊ नका.

दुसरा पत्ता टीव्ही. डीडी फ्री डिशला डबा आणि छत्रीचा खर्च एकदाच, मासिक भाडं नाही. एखादा दुकानदार ‘वार्षिक रिचार्ज’ मागत असेल तर तो सरळसरळ फसवतोय. केबल असेल तर बिल एकदा उघडून बघा. मराठी चित्रपटांची काही चॅनेल पैशांची आहेत, काही मोफत. एका चॅनेलसाठी अख्खं पॅकेज घ्यायची सक्ती केबलवाला करू शकत नाही. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या नियमांप्रमाणे सुटं चॅनेल निवडायचा हक्क तुम्हाला आहे. ‘तसं होत नाही ओ’ असं उत्तर आलं, तर ते लेखी द्यायला सांगा. बऱ्याचदा तेवढ्यावर होतं. टीव्हीचा खरा खर्च वेळेचा: जाहिराती धरून चित्रपट सहज साडेतीन तासांवर जातो.

नेमकं काय बघायचं

‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८, दिग्दर्शन सचिन पिळगांवकर) तुम्हाला पाठ आहे, मान्य. पण आता बघाल तेव्हा धनंजय माने आणि पार्वती या दोघांकडे थोडं दुर्लक्ष करा आणि घरमालक विश्वासराव सरपोतदार झालेल्या सुधीर जोशींवर नजर ठेवा. औषधासाठी दिलेल्या सत्तर रुपयांची चौकशी होते तो प्रसंग घ्या. औषध आणणारा माणूस वारल्याचं कळल्यावर आधी रीतसर हळहळ, आणि त्या हळहळीतूनच पैशांची आठवण. आवाज चढत नाही, हातवारे नाहीत. समोर धनंजय माने झालेले अशोक सराफ तितक्याच गंभीरपणे उभे. दोघंही हसत नाहीत म्हणून आपण हसतो. हा चित्रपट हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’ (१९६६) या हिंदी चित्रपटावर बेतलेला आहे. मूळचा बघायला मिळाला तर बघा, पण त्यासाठी पैसे खर्चू नका.

अशोक सराफांची उडी किती लांब आहे हे बघायचं तर ‘एक डाव भुताचा’ (१९८२) लावा. ते खंडोजी फर्जंद नावाचं भूत, आणि त्यांच्यासमोर दिलीप प्रभावळकर बावरलेले मास्तर. एक फटाका, एक फुसका बार, आणि तोल दोघांमुळे. प्रभावळकरांचीच दुसरी बाजू ‘झपाटलेला’ (१९९३) मध्ये तात्या विंचू म्हणून दिसते. त्यातला बाहुला रामदास पाध्यांचा. पाच-सहा वर्षांचं मूल घरात असेल तर दुपारीच लावा, नाहीतर रात्री तुम्हालाही झोप नाही.

दादा कोंडक्यांचा ‘पांडू हवालदार’ (१९७५) आजी-आजोबांसाठी पहिला. नातवंडं शेजारी बसणार असतील तर आधी एकट्याने बघून घ्या. द्व्यर्थाचं स्पष्टीकरण देण्यात संध्याकाळ जाईल.

सोलापूरकरांना दोन चित्रपट मुद्दाम सुचवतो. पहिला ‘वळू’ (२००८, उमेश कुलकर्णी). सोलापुरात शिकलेले आणि इथल्याच ‘नाट्य आराधना’ या हौशी संस्थेतून पुढे आलेले अतुल कुलकर्णी यात वन अधिकारी आहेत. गावाला डुरक्या नावाचा वळू पकडून हवाय, आणि प्रत्येकाला त्यातून आपलं काहीतरी साधून घ्यायचंय. मोहन आगाशे, भारती आचरेकर, नंदू माधव, गिरीश कुलकर्णी, प्रभावळकर अशी फौज आजूबाजूला, आणि मध्ये हा एकटा शहरी माणूस, ज्याला आपण कशात सापडलोय ते कळत नाही. ‘हे राम’ आणि ‘चांदनी बार’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा नट इथे फक्त गोंधळलेला दिसण्याचं काम करतो, आणि तेच अवघड आहे.

दुसरा, पंढरपूरचा ‘एलिझाबेथ एकादशी’ (२०१४, परेश मोकाशी). एलिझाबेथ ही सायकल आहे. घरात पैशांची अडचण येते, सायकल विकायची पाळी येते, आणि ती वाचवायला मुलं कार्तिकी यात्रेत बांगड्यांचं दुकान मांडतात. मुलांचा अभिनय इतका मोकळा आहे की कॅमेरा आहे हे कुणी त्यांना सांगितलंच नसावं. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार याला मिळाला. शाळकरी मुलं असतील तर पहिलं नाव हेच.

नव्यांतले तीन. ‘देऊळ’ (२०११): गिरीश कुलकर्णींना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार, नाना पाटेकर नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत, आणि हसता हसता घशात अडकेल असा विनोद. ‘वाळवी’ (२०२३): खुनाचा कट आणि त्याचा बोजवारा, अनिता दाते, स्वप्नील जोशी, सुबोध भावे, शिवानी सुर्वे, लहान मुलांना दाखवू नका. ‘नाच गं घुमा’ (२०२४): मुक्ता बर्वे मालकीण, नम्रता संभेराव कामवाली. घरी कामाला येणाऱ्या ताईंसोबत बसून बघायची हिंमत असेल तर तसा बघा.

खर्चाच्याच विषयावरचा एक जुना चित्रपट: ‘लाखाची गोष्ट’ (१९५२). महिन्याभरात लाख रुपये खर्चून दाखवायचे, असा पेच. राजा गोसावी आणि ग. दि. माडगूळकर ती रक्कम संपवायला धडपडतात.

हिंदीत दोनच सांगतो. ‘अंगूर’ (१९८२) मध्ये संजीव कुमार आणि देवेन वर्मा दोघांच्याही दुहेरी भूमिका आहेत. कपडे तेच, चेहरा तोच, तरी कोण कुठला ते तुम्हाला कळतं. कसं कळतं ते शोधत बघा. ‘जाने भी दो यारो’ (१९८३) मध्ये सतीश शाह बराच वेळ प्रेत झालेले आहेत आणि तरी पडदा त्यांचाच.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या घरांत, जिथे आजी अजून तेलुगूत रागावते, तिथे ‘अहा ना पेळ्ळंटा’ (१९८७) हे नाव काढून बघा. कोटा श्रीनिवास राव यांनी रंगवलेला कंजूष समोर कोंबडी टांगून नुसता भात खातो. भाषा येत नसली तरी हे दृश्य कळतं, आणि आजी बाकीचं सांगेल. उलट दिशेनं, म्हणजे आजीला मराठी विनोद समजावून सांगणं, जास्त कठीण आहे.

एका महिन्याची वर्गणी, वर्षाची नाही

हवा असलेला चित्रपट फुकट नसेल तरच इकडे या. आणि आधी ॲप घेऊन मग चित्रपट शोधू नका. ‘जस्टवॉच’ या संकेतस्थळावर नाव टाका, कोणत्या ॲपवर आहे ते दिसतं. मग त्या ॲपच्या स्वतःच्या शोधात खात्री करा, कारण चित्रपट या घरातून त्या घरात फिरत असतात. ‘वाळवी’साठी झी फाइव्ह बघा. त्याहीआधी तुमच्या मोबाइल रिचार्जमध्ये किंवा घरच्या ब्रॉडबँडमध्ये कोणतं ॲप फुकट आलंय ते तपासा. पुष्कळ घरांत एकाच ॲपचे पैसे दोनदा जातात: एकदा रिचार्जमधून, एकदा बाबांच्या कार्डावरून.

दरांचा अंदाज असा. नेटफ्लिक्स महिन्याला १४९, १९९, ४९९ आणि ६४९ रुपये. यातला १४९चा मोबाइल प्लॅन टीव्हीवर चालत नाही, फोनवरून टीव्हीवर पाठवताही येत नाही. दुकानात आणि गप्पांत हे कुणी सांगत नाही. सगळ्यांनी मिळून बघायचं असेल तर किमान १९९. ॲमेझॉन प्राइम महिन्याला २९९, वर्षाला १४९९. शिवाय जून २०२५ पासून त्यात जाहिराती आल्या आणि त्या नको असतील तर वर्षाला आणखी ६९९. पैसे भरण्याच्या क्षणी पडद्यावर दिसणारा आकडा खरा, माझा किंवा शेजाऱ्याचा नाही.

वर्षाची वर्गणी स्वस्त दिसते, पण तुम्ही वर्षात चार चित्रपट बघणार असाल तर ती महागच. एक महिना घ्या, यादी संपवा, बंद करा. काही चित्रपट सुटे भाड्यानेही मिळतात. बहुधा सुरू करायला ३० दिवस आणि एकदा सुरू केल्यावर संपवायला ४८ तास. शनिवारी अर्धा आणि पुढच्या शनिवारी अर्धा असं केलंत तर भाडं दोनदा.

सगळ्यात मोठी गळती ऑटोपेची. ‘पहिला महिना २ रुपये’ म्हणजे दुसऱ्या महिन्यापासून पूर्ण रक्कम, तुम्हाला न विचारता. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेकडून सूचना येणं रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बंधनकारक आहे. तो मेसेज जाहिरात समजून पुसू नका. वर्गणी घेतली त्याच दिवशी ऑटोपे बंद करा. बहुतेक ठिकाणी भरलेला महिना तरीही पूर्ण चालतो. नुसतं ॲप फोनवरून काढलं म्हणजे वर्गणी थांबत नाही. तुमच्या यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ असा भाग असतो, तिथे जाऊन रद्द करा.

टेलिग्रामवरची लिंक आणि अनोळखी एपीके फाइल हा शॉर्टकट घेऊ नका. चोरीचा चित्रपट एकीकडे, पण ती फाइल तुमचे एसएमएस वाचण्याची परवानगी मागते आणि ओटीपी त्याच रस्त्याने जातो. पैसे गेलेच तर क्षणाचा उशीर न करता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा.

थिएटरला जाणार असाल तर

मराठी चित्रपट शुक्रवारी लागतो आणि सोमवारपासून त्याचे खेळ कमी व्हायला लागतात. उरतो तो सकाळचा किंवा ऐन दुपारचा. त्यामुळे ‘पुढच्या रविवारी बघू’ म्हणू नका. पहिला रविवार धरा. उलट घाई नसेल तर आठवड्याच्या मधल्या वारांचे सकाळचे खेळ बहुधा स्वस्त असतात. एप्रिल-मेमध्ये सोलापूरच्या दुपारी गार हवेत अडीच तास बसायला मिळतं, हा फायदा वेगळा.

तिकिटावर २२ सप्टेंबर २०२५ पासून असा कर आहे: १०० रुपयांपर्यंत ५ टक्के, त्यावर १८ टक्के. म्हणजे मूळ दर १०० असेल तर १०५ द्याल आणि मूळ दर ११० झाला की जवळजवळ १३०. एकपडदा थिएटर शोधायला हे एवढं कारण पुरे.

आता ऑनलाइन शुल्क. समजा तिकिटामागे ३० रुपये सोय शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, तर चार तिकिटांमागे १४१ रुपये ६० पैसे वर गेले. एक जादा तिकीटच म्हणा. ‘हे शुल्क महाराष्ट्रात बेकायदा आहे’ असा मेसेज अजून फिरतो. त्यावर विसंबून भांडू नका. राज्य सरकारने २०१३ आणि २०१४ मध्ये घातलेली बंदी मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये रद्द केली. वाचवायचा मार्ग एकच: खिडकीवर जा. गर्दीचा रविवार नसेल आणि घर जवळ असेल तर अर्धा तास आधी पोहोचलात तरी जागा मिळते. होटगी रोडवरून किंवा जुळे सोलापुरातून केवळ तिकिटासाठी वेगळी फेरी मारणार असाल तर पेट्रोलचा हिशोब करा. तेव्हा ऑनलाइनच बरं.

ऑनलाइन भरताना शेवटच्या पानावर थांबा. देणगीचा रुपया-दोन रुपये, विमा, खाण्याचा कॉम्बो यांपैकी काही आपोआप जोडलंय का बघा. तुमच्या संमतीशिवाय बिलात काही घुसवणं हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३च्या मार्गदर्शक सूचनांनुसार निषिद्ध आहे. देणगी द्यायची असेल तर जरूर द्या, पण तुम्ही ठरवून. तिकीट रद्द करता येतं का, किती वेळ आधी, हे थिएटरनुसार बदलतं. सोय शुल्क मात्र सहसा परत मिळत नाही. परताव्यासाठी गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधू नका, तिथे भामटे बसलेले असतात. ॲपमधल्या मदत विभागातूनच जा.

खाणं बाहेरून नेता येतं का? थिएटरने मनाई केली तर ती कायदेशीर आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये तसा निकाल दिला. पण त्याच निकालात पिण्याचं स्वच्छ पाणी मोफत हवं आणि तान्ह्या बाळासाठी नेलेलं खाणं अडवू नये, असंही आहे. तेव्हा शेंगाचटणी-भाकरीचा डबा घरीच ठेवा आणि पाण्याची बाटली विकत घेण्याआधी नळ कुठे आहे ते विचारा. नाही म्हणाले तर मॅनेजरला निकालाची आठवण द्या. पॉपकॉर्न सुटं घेतलं तर त्यावर ५ टक्के कर. तिकीट आणि खाणं एकत्र कॉम्बोत विकलं तर सगळ्यावर तिकिटाचा दर लागू शकतो. बिल मागा.

कागदपत्रं एरवी लागत नाहीत, पण प्रमाणपत्र बघून निघा. आता यूए ७+, १३+ आणि १६+ असे भाग आहेत. मूल सोबत असेल तर ते पालकांना सावध करायला आहेत. ‘ए’ असेल तर १८ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, चेहरा लहान दिसणाऱ्या कॉलेजच्या मुलांनी आधार जवळ ठेवावं. लहानग्याचं तिकीट कितव्या वर्षापासून लागतं ते खिडकीवर विचारा, अंदाजाने जाऊन दारात वाद नको. आणि मजेचा प्रसंग फोनवर रेकॉर्ड करू नका. २०२३च्या दुरुस्तीनंतर थिएटरात चित्रीकरणाला किमान तीन महिने कैद आणि तीन लाख दंड आहे. स्टेटससाठी फार महाग.

रात्रीचा शेवटचा खेळ असेल तर परतीचं रिक्षाभाडं आत जाण्याआधी ठरवा. बारा वाजता बाहेर उभे राहून ठरलेलं भाडं तिकिटाच्या वर जातं.

याच पैशांत एक पर्याय आहे, तो सुटू देऊ नका. हुतात्मा स्मृती मंदिरात विनोदी नाटकांचे प्रयोग लागतात. पडद्यावर ज्यांना पाहता त्यांच्यापैकी कुणी तिथे दहा फुटांवर उभं असू शकतं. नाटकाच्या तिकिटावर ५०० रुपयांपर्यंत जीएसटी नाही. जाहिरात पेपरात येते, खिडकीवर घेतलंत तर सोय शुल्कही नाही. मागच्या रांगेतलं स्वस्त तिकीट घेताना ऐकू नीट येतं का, एवढं आधी येऊन गेलेल्या कुणाला तरी विचारा.

मंडळात किंवा सोसायटीत पडदा लावून चित्रपट दाखवायचा बेत असेल तर घरच्या ॲपवरून लावू नका. ती वर्गणी घरगुती वापरापुरतीच असते. जाहीर खेळासाठी हक्कधारकाची लेखी परवानगी लागते, प्रोजेक्टर आणि स्पीकरचं भाडं वेगळं, आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलिसांकडून. रात्री दहाची मर्यादा धरून खेळ साडेसहा-सातला सुरू करा.

कुठेही जादा पैसे लागले तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क शून्य आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. तिकीट, खाण्याचं बिल, पैसे भरल्याचा आणि ऑटोपे रद्द केल्याचा स्क्रीनशॉट एवढं जपून ठेवा. थर्मल कागदावरची छपाई महिन्या-दोन महिन्यांत उडते, म्हणून बिलाचा फोटो काउंटरवरच काढा.